इटियाडोहचें पाणी आणि गोंदियाची गाडी

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, गाढवी नदी अडवून बांधलेलें इटियाडोहचें धरण १९७० सालीं पुरें झालें. त्या वेळीं गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, गडचिरोलीही नव्हता. एकीकडे भंडारा व दुसरीकडे चांदा, एवढीच तेव्हांची वांटणी होती. पुढें १९८२ सालीं गडचिरोली व १९९९ सालीं गोंदिया हे जिल्हे निराळे झाले, कचेऱ्या वेगळ्या झाल्या, पाट्या बदलल्या. परंतु धरणाचें पाणी ज्या उतारानें पूर्वीं वाहत होतें त्याच उतारानें आजही वाहत आहे. तें गोंदियाच्या बांध्यांत जातें, भंडाऱ्याच्या लाखांदूरकडे जातें, आणि गडचिरोलीच्या देसाईगंज व आरमोरीकडेही जातें. कालव्याच्या दारावर उभें राहून 'तूं कोणत्या जिल्ह्याचें?' असें पाण्यास कोणी पुसत नाहीं. मग त्याच पाण्यावर पिकलेलें धान विकून घरीं परतणाऱ्या माणसास मात्र हद्द आली कीं गाडी बदलावी लागावी, तिकीट बदलावें लागावें, आणि पुढची गाडी नुकतीच निघून गेली असें ऐकून झाडाखालीं बसून राहावें लागावें, हें कोठलें शहाणपण? या प्रश्नाचा नीट विचार करण्याची वेळ आतां आली आहे असें आमचें मत आहे. व ती आतांच कां आली, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

ता. ४ एप्रिल २०२५ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें गोंदिया ते बल्लारशाह या २४० किलोमीटर लोहमार्गाच्या दुहेरीकरणास मंजुरी दिली. त्याचा अंदाजी खर्च ४,८१९ कोटी रुपये आहे. त्याच वर्षीं ता. ७ ऑक्टोबर रोजीं गोंदिया ते डोंगरगड या ८४ किलोमीटरच्या चौथ्या मार्गास मान्यता मिळाली. उत्तरेस जबलपूरकडे जाणारा जुना अरुंद मार्ग रुंद होऊन गाड्या धांवूं लागल्या आहेत, आणि दक्षिणेस वडसा ते गडचिरोली हा सुमारें ५२ किलोमीटरचा नवा मार्ग केंद्र व महाराष्ट्र सरकार यांच्या निम्म्या-निम्म्या खर्चानें बांधण्याचें काम हातीं घेतलेलें आहे. म्हणजे गोंदियाच्या चारी दिशांस एकाच दशकांत रुळांचें जाळें घट्ट होत आहे. असा योग शंभर वर्षांत दुसऱ्यांदां आला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तथापि या मंजुरीच्या घोषणांत जो आंकडा ठळकपणें मांडला जातो तो वर्षास किती दशलक्ष टन माल अधिक वाहून नेतां येईल याचा असतो. किती गांवांस लाभ होईल हेंही सांगतात; परंतु कोणत्या गांवीं किती वाजतां गाडी थांबेल व तिला जोडून पुढें कोणती मोटार मिळेल, हें तेथें नसतें. तें नंतर ठरावयाचें असतें. आणि जें नंतर ठरावयाचें असतें तें, कोणी मागणारा नसला तर, कधींच ठरत नाहीं, हा या देशांतील नित्याचा अनुभव आहे.

मागील इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. या प्रदेशांत रूळ आधीं आले व राज्यांच्या सीमा मागाहून आल्या. नागपूर-छत्तीसगड हा पहिला मार्ग गेल्या शतकामागील शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांत घातला गेला. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो आपल्याकडे घेऊन रुंद केला, आणि १८९१ सालीं नागपूरपासून आसनसोलपर्यंत सरळ वाट झाली. दुष्काळांच्या मागोमाग सातपुड्यांतून गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा अडीच फुटी अरुंद मार्ग १९०३ सालापासून पुढें तयार झाला, आणि दक्षिणेस नागभीड व चांदा किल्ला या दिशेचे रूळही विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकांत पडले. तेव्हां भंडारा, बालाघाट, चांदा व दुर्ग हे सारे जिल्हे एकाच मध्यप्रांताच्या छपराखालीं होते, आणि राजनांदगांवचें संस्थानही त्याच प्रांताच्या कुशींत होतें. त्या छपराचा आढा नागपुरास होता. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषेच्या तत्त्वावर राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यांत व पुढें १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, बालाघाट व दुर्ग मध्यप्रदेशांत राहिले, आणि ता. १ नोव्हेंबर २००० पासून पूर्वेकडे छत्तीसगड हें तिसरें राज्य उभें राहिलें. भाषावार रचना योग्यच झाली. तिला आम्ही दोष देत नाहीं. परंतु घराच्या वांटण्या झाल्या म्हणून विहिरीची वाटही बंद करावयाची असते काय?

वांटणी झाली तरी माणसांचे व्यवहार वांटले गेले नाहींत. बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर पोवारी बोलणारीं कुटुंबें आहेत. मुलगी अल्याड व माहेर पल्याड अशीं नातीं घरोघर आढळतात. गोंदियाच्या धानाच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, कापडाची व किराण्याची पेठ यांचें गिऱ्हाईक तीन राज्यांतून येतें. २०१६ सालापासून येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. रोग्यास राज्याची हद्द ठाऊक नसते, आणि जवळचें तेंच त्याचें. उलट दिशेस पाहावें तर डोंगरगडच्या बम्लेश्वरीच्या दर्शनास आश्विन व चैत्र या दोन्ही नवरात्रांत महाराष्ट्रांतून माणसांचा लोंढा जातो. वडसा ही झाडीपट्टीच्या रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत तेथील मंडळ्या रात्र-रात्र नाटकें करीत गांवोगांव फिरतात, आणि त्यांच्या प्रेक्षकांस पहांटे घरीं जाण्यास साधन लागतें. इटियाडोहच्या शेजारींच गोठणगांव-प्रतापगड भागांत १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेथील माणसें लोकरी कपड्यांच्या व्यापारासाठीं हिंवाळ्यांत दूरदूरच्या शहरीं जातात. या सर्वांस अर्जुनीचें स्थानक गांठावयाचें असतें, आणि तेथून पुढें गोंदिया, वडसा, नागपूर, बालाघाट वा राजनांदगांव गांठावयाचें असतें. या माणसाचा प्रवास एकच असतो. त्याचे तुकडे मात्र कचेऱ्यांनीं केलेले आहेत.

तुकडे कसे पडतात तें पाहा. रेल्वेच्या कारभारांत गोंदिया हें दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागांत आहे, व त्या रेल्वेचें मुख्य ठाणें बिलासपुरास आहे. याच मार्गाचें दक्षिण टोक जें बल्लारशाह तें मध्य रेल्वेचें, आणि उत्तर टोक जें जबलपूर तें पश्चिम-मध्य रेल्वेचें. एका सरळ वाटेचीं दोन टोकें दोन वेगळ्या घरांत व मध्य तिसऱ्या घरांत, अशी ही स्थिति आहे. लांब पल्ल्याच्या गाडीस त्याची अडचण नसते, कारण तिचा विचार दिल्लीस होतो. अडचण होते ती सकाळीं जाऊन सायंकाळीं परतणाऱ्या उतारूची. त्याची गाडी कोणत्याच घराची लाडकी नसते. आधीं मालगाडी, मग जलद गाडी, आणि उरलेल्या वेळांत ही, असा क्रम एकेरी मार्गावर अपरिहार्यच होतो. दुहेरीकरणानें ही सबब नाहींशी होणार आहे. परंतु सबब गेली म्हणजे संवय जाईलच असें नाहीं.

स्थानिक उतारूस किती वाट पाहावयास लावलें जातें याचीं उदाहरणें जवळचींच आहेत. सातपुड्यांतील अरुंद मार्गावरील गाडी जबलपूरच्या बाजूनें २०१५ सालीं बंद झाली, आणि गोंदियापासून जबलपूरपर्यंत अखंड रुंद मार्ग जुळून येण्यास २०२० साल उजाडून गेलें. नागपूर-नागभीड ही छोटी गाडी २०१९च्या अखेरीस थांबली. त्यानंतर पांच वर्षें उलटलीं तरी त्या रुळांवरून एकही उतारू गेला नव्हता. रुंदीकरण नको होतें असें कोण म्हणेल? पण पांच-पांच वर्षें गाडी बंद ठेवावयाची तर त्या मुदतींत त्याच भाड्याची व त्याच वेळेची मोटार देण्याचें बंधन कोणावरच नसावें, हें मात्र खेदाचें आहे. महामारीच्या वेळीं मार्च २०२० मध्यें साध्या गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हां पुष्कळांस जलद गाडीचें नांव व भाडें लावण्यांत आलें, आणि किमान तिकीट १० रुपयांचें ३० रुपये झालें. तें फेब्रुवारी २०२४ मध्यें पुन्हा १० रुपयांवर आलें. जो माणूस आठवड्याच्या बाजारास टोपली घेऊन जातो त्याला या २० रुपयांचा अर्थ काय, हें ज्यांस समजत नसेल त्यांनीं एकदां त्याच्या टोपलीचा हिशेब करून पाहावा.

मोटारीची गोष्ट याहून कठीण आहे. महाराष्ट्रांत सरकारी एस. टी. आहे, १९४८ सालीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी निघाली, आणि विदर्भांतील प्रांतिक परिवहन सेवा मागाहून तींत मिळाली. मध्यप्रदेशानें आपलें महामंडळ मोडण्याचें २००५ सालीं ठरविलें, आणि पुढील कांहीं वर्षांत त्याच्या गाड्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. छत्तीसगडांतही महामंडळ उरलें नाहीं. म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांकडे आज प्रवास मुख्यतः खाजगी मोटारींवर आहे. खाजगी मोटारवाल्यास आम्ही शत्रु मानीत नाहीं. तो नसता तर कित्येक गांवें जगापासून तुटलीं असतीं. परंतु ज्या फेरींत पैसा नाहीं ती फेरी तो कां करील? आणि सायंकाळच्या शेवटच्या फेरींत पैसा नसतो. गरज मात्र तिचीच सर्वांत मोठी असते. मध्यप्रदेश सरकारनें एप्रिल २०२५ मध्यें 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' या नांवाच्या नव्या योजनेस मान्यता दिली आहे. ती कागदावरून रस्त्यावर उतरत असतांनाच सीमेपलीकडच्या फेऱ्यांचा विचार झाला तर होईल. पुढें सर्व मार्ग वांटून झाल्यावर गोंदियानें दार ठोठावणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

सवलतींचेंही तसेंच आहे. ता. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांस अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, आणि त्यापूर्वीं ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस प्रवास मोफत आहे. दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. पण या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. बालाघाटास माहेरीं जाणारी स्त्री बाघ नदीच्या पुलापर्यंत अर्धी असते व पुलापलीकडे पूर्ण होते! राज्यानें आपल्या तिजोरींतून परराज्यांतील मैलांचे पैसे कां द्यावे, हा आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोन राज्यांनीं एकमेकांच्या उतारूंस सीमेपासून ठराविक अंतरापर्यंत सारखी वागणूक देण्याचें ठरविलें तर दोघांचें देणें-घेणें पुष्कळ अंशीं फिटून जाईल. शेजारीं शेजारीं राहणारीं घरें हळद-मीठ ज्या हिशेबानें देतात-घेतात तोच हा हिशेब.

येथें कोणी म्हणेल कीं, राज्या-राज्यांतील गोष्ट नाजूक असते. तर मग कोल्हापूर व बेळगांव यांकडे पाहावें. तेथें सीमेचा वाद १९५६ पासून धुमसत आहे, तो सर्वोच्च न्यायालयांत आहे, आणि डिसेंबर २०२२ व फेब्रुवारी २०२५ या वेळीं प्रकरण तापून दोन्हीकडच्या गाड्या कांहीं काळ बंदही पडल्या. तरी वाद निवळतांच दोन्ही महामंडळांच्या गाड्या पुन्हा एकमेकांच्या स्थानकांत उभ्या राहिल्या. कारण त्यांच्या पाठीशीं परस्पर करार होता, ठरलेल्या फेऱ्या होत्या, आणि गाड्या हव्या असणाऱ्या लोकांचा रेटा होता. गोंदिया व बालाघाट यांत कसलाच वाद नाहीं, गोंदिया व राजनांदगांव यांतही नाहीं. जेथें भांडण आहे तेथें नियमानें गाडी धांवते, आणि जेथें सोयरीक आहे तेथें मात्र ती नशिबावर सोडलेली, ही विसंगति कोणासही चटकन् दिसण्यासारखी आहे. भांडणानें तरी सरकारांचें लक्ष जातें. सलोख्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं, असा याचा अर्थ लोकांनीं घ्यावा काय?

राज्यें एकत्र येऊं शकत नाहींत हें तर मुळींच खरें नाहीं; आणि त्याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. इटियाडोहचें नांव पाटबंधारे खात्यांत बाघ प्रकल्पाच्या जोडीनें घेतलें जातें. बाघ प्रकल्पांतील शिरपूर, पुजारीटोला व कालीसरार येथील धरणांचें पाणी महाराष्ट्र व मध्यप्रदेश हीं दोन राज्यें वांटून घेतात. तुमसरच्या उत्तरेस बावनथडी नदीवरील प्रकल्प हाही दोन्ही राज्यांनीं मिळून केलेला आहे. पाणी ही वस्तु किती भांडणाची! एकानें घेतलें तर दुसऱ्याचें कमी होतें. तरी तीवर करार झाले, खर्चाचे वांटे ठरले, कोणत्या कालव्यास केव्हां किती सोडावयाचें याचे नियम झाले. गाडी ही तर याच्या उलट वस्तु आहे. तिच्यांत बालाघाटचा उतारू बसला म्हणून गोंदियाच्या उतारूचें कांहीं कमी होत नाहीं, उलट दोघे मिळून गाडी भरते व ती चालूं राहते. जें भांडणाच्या वस्तूंत साधलें तें लाभाच्या वस्तूंत साधत नाहीं, हें कोणत्या तोंडानें सांगावयाचें?

देशांत याहून मोठा दाखलाही आहे. दिल्लीच्या आसपासच्या शहरांस जलद गाडीनें जोडण्यासाठीं २०१३ सालीं एक स्वतंत्र परिवहन निगम स्थापन झालें. त्यांत निम्मा वांटा केंद्राचा, व उरलेला निम्मा दिल्ली, हरियाणा, राजस्थान आणि उत्तरप्रदेश या चौघांचा सारखा. राजकीय पक्ष निरनिराळे, सरकारें निरनिराळीं, भांडणेंही पुष्कळ; तरी ता. २० ऑक्टोबर २०२३ रोजीं त्या मार्गाच्या पहिल्या टप्प्याचें उद्घाटन झालें. परदेशांत पाहावें तर फ्रान्स व जर्मनी या देशांनीं १८७० पासून १९४५ पर्यंतच्या पाऊणशे वर्षांत तीन युद्धें केलीं. आज फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहराची ट्राम ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मनीच्या केल गांवीं जाते. ती २०१७ सालीं सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराची ट्राम २०१४ पासून जर्मनींत जाते, व फ्रान्समध्येंही जाते. तेथें राष्ट्रें वेगळीं, भाषा वेगळ्या, बाझलचें तर नाणेंही वेगळें. आमच्याकडे नाणें एक, रेल्वे एक, देवस्थानें एक. बाघ नदी तर ऱ्हाईनच्या मानानें ओढाच. गोंदिया म्हणजे बाझल नव्हे हें आम्हांस ठाऊक आहे. आमची मागणीही ट्रामची नाहीं. ठरलेल्या वेळीं येणारी गाडी व तिला जोडून उभी असलेली मोटार, एवढीच आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप हा कीं, उतारू पुरेसे नाहींत. परंतु उतारू ही कांहीं खाणींतील वस्तु नव्हे कीं आधीं मोजावी व मग गाडी घालावी. गाडी बेभरंवशाची असली तर माणूस फटफटी घेतो, शेजाऱ्याच्या जीपमध्यें कोंबून बसतो, अथवा जाण्याचेंच टाळतो; आणि मग रिकामा फलाट दाखवून 'पाहा, उतारू नाहींत' असें म्हणणें म्हणजे दुकानास कुलूप लावून गिऱ्हाईक मोजण्यासारखें आहे. रेल्वेचाच अनुभव याविरुद्ध आहे. डोंगरगडच्या नवरात्रांत ती कांहीं गाड्यांस तात्पुरता थांबा देते, कांहीं गाड्या पुढें वाढविते. नऊ दिवस जें करतां येतें त्यांतील थोडें वर्षभर करून पाहण्यास हरकत कोणती?

दुसरा आक्षेप मालगाडीचा. कोळसा, सिमेंट, लोखंड, मँगनीज यांच्या वाहतुकीवरच रेल्वेचा खर्च भागतो, उतारूंवर तोटा येतो, असें सांगतात. आणि तें खरें आहे. परंतु बल्लारशाह-गोंदिया-जबलपूर ही वाट इटारसीच्या वाटेहून जवळची असल्यामुळें दक्षिण-उत्तर माल हिच्यावर वाढत जाणार, आणि त्याचा धूर, खडखडाट व बंद फाटकें हीं वाटेवरच्या गांवांच्याच वांट्यास येणार. ज्या गांवानें फाटकाशीं तासभर उभें राहावयाचें, त्यास दिवसांतून चार वेळां सोयीची गाडी मिळाली तर तें दान नव्हे; तो त्याच्या गैरसोयीचा मोबदला होय.

तिसरा आक्षेप वनाचा. व तो सर्वांत गंभीर आहे. हा मार्ग वाघांच्या वावराच्या प्रदेशांतून जातो. नवेगांव-नागझिरा हें २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालें; दक्षिणेस चंद्रपूरचीं जंगलें आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्यें चंद्रपूरनजीक जुनोना भागांत याच मार्गावर वाघिणीचे तीन बछडे गाडीखालीं सांपडून मेले. दुसरा रूळ पडल्यावर गाड्यांची संख्या व वेग हीं दोन्ही वाढतील. म्हणून जनावरांस रुळाखालून वाट, रात्रीं ठराविक पट्ट्यांत वेगास आळा, आणि कुंपण हीं कामें दुहेरीकरणाच्या खर्चांतच व त्याच्याच बरोबर झालीं पाहिजेत. मागाहून करूं म्हणणें म्हणजे न करणेंच. मात्र वनाच्या नांवाखालीं उतारूची गाडी कापावयाची व मालगाड्या वाढवावयाच्या, असा न्याय कोणी करूं नये. पन्नास माणसें एका मोटारींत बसलीं तर जंगलांतील रस्त्यावरच्या पन्नास फटफट्या कमी होतात, हेंही लक्षांत घ्यावें.

आमच्या सूचना थोडक्यांत अशा आहेत. पहिली : गोंदिया, बालाघाट, राजनांदगांव, गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या सहा जिल्ह्यांची एक कायम वाहतूक समिती असावी, तींत रेल्वेच्या तिन्ही घरांचे अधिकारी, एस. टी.चे अधिकारी, शेजारी राज्यांच्या परिवहन खात्यांचे अधिकारी, व्यापारी मंडळांचे व उतारूंचे प्रतिनिधि असावे, आणि तिनें वर्षांतून निदान दोनदां बसून गाड्यांच्या व मोटारींच्या वेळा एकमेकांस जुळवाव्या. दुसरी : अर्जुनी, सौंदड व वडसा या स्थानकांवर सकाळ-सायंकाळच्या गाड्यांस जोडून मोटारी असाव्या, त्यांतील एक तरी इटियाडोह, गोठणगांव व तिबेटी वसाहत या बाजूस जावी, आणि गाडी उशिरा आली तर मोटारीनें थांबावें असा लेखी नियम असावा. तिसरी : गोंदिया-बालाघाट व देवरीवरून राजनांदगांव या मार्गांवर दोन्ही राज्यांनीं परस्पर करारानें ठराविक फेऱ्या ठेवाव्या, व सीमेलगतच्या पट्ट्यांत सवलती सारख्या असाव्या. चौथी : दुहेरीकरणाचे नकाशे पक्के होण्यापूर्वींच प्रत्येक लहान स्थानकावर फलाटाची उंची, पादचारी पूल, पाणी, दिवा आणि मोटार उभी करण्याची जागा यांचा विचार व्हावा. जागा आतां राखली तर फुकट पडते. दहा वर्षांनीं ती मागूं जातां दुकानें उठवावीं लागतात. पांचवी : वडसा-गडचिरोली मार्ग पुरा होईल त्या दिवसापासून गडचिरोलीहून गोंदियापर्यंत सरळ गाडी असावी, नाहीं तर ज्या जिल्ह्यानें इतकीं वर्षें एका वडशाच्या स्थानकावर भागविलें त्याच्या नव्या गाडीसही वडशासच मुकाट्यानें उतरवून दिलें जाईल.

यांतील एकही सूचना कोट्यवधि रुपयांची नाहीं. कोट्यवधि रुपये खर्च होतच आहेत. ते माणसाच्या उपयोगीं पडावे एवढ्यासाठींच या सूचना आहेत. कायद्याचीही आडकाठी नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ८८व्या कलमांत दोन राज्यांनीं असे करार करण्याची रीत सांगितली आहे. करार करण्यापूर्वीं त्याचा मसुदा राजपत्रांत व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो, आणि लोकांस आपलें म्हणणें मांडण्यास कमींत कमी ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. हा हक्क आमच्या शहरांतील किती जणांनीं वापरला असेल? राजपत्र येतें, मुदत जाते, आणि मग चावडीवर तक्रार सुरू होते, असें व्हावयास नको.

शेवटीं आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द. मालाच्या वाघिणी वेळेवर मिळाल्या नाहींत तर आपण विभागीय कचेरीपर्यंत जातां, पत्रें पाठवितां, प्रतिनिधींस गांठतां. आणि आपलें ऐकलेंही जातें. तेंच वजन उतारूंच्या गाडीसाठीं आपण एकदां खर्च करावें. आपल्या गिरणींत येणारा हमाल, आपल्या दुकानांतील मुनीम, आपल्या मालाचें गिऱ्हाईक, हे सर्व त्याच गाडीनें येतात. त्यांचा गेलेला तास हा आपल्या पेढीच्याच खात्यांत नांवें पडतो, जरी वहींत तो दिसत नसला तरी. शिकलेल्या नागरिकांनीं सभा भरवावी, निवेदन करावें, बालाघाट व राजनांदगांव येथील मंडळींस पत्र लिहून त्यांस बरोबर घ्यावें. कारण हें काम एका तीरावरून होण्यासारखें नाहीं. नगरपरिषदांनीं व जिल्हा परिषदांनीं एकाच मजकुराचे ठराव करून तिन्ही राजधान्यांस पाठवावे.

रूळ पडत आहेत. ते पडून झाले कीं वेळापत्रक कोणी तरी कोठें तरी बसून करील, आणि एकदां झालेलें वेळापत्रक बदलण्यास पुढें वीस वर्षें अर्ज करावे लागतील. इटियाडोहचा कालवा खणला गेला तेव्हां पाणी कोठें वळवावयाचें हें माती उकरण्यापूर्वींच ठरलें होतें, म्हणून आज तीन जिल्ह्यांचें धान त्यावर उभें आहे. गाड्यांच्या बाबतींतही माती उकरली जात आहे तोंवरच काय तें ठरवून घ्यावें, असें आमचें तिन्ही राज्यांच्या सरकारांस व आमच्या वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे.